काका, ते काळं पाणी तुम्ही वाचवलंत

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

प्रबंधाच्या पहिल्या पानांत मी सगळ्यांचे आभार मानले. गाईडचे, परीक्षकांचे, अगदी मायक्रोस्कोपची वेळ देणाऱ्यांचेही. तुमच्या वाट्याला आले तीन शब्द: ‘आणि प्रयोगशाळेतील कर्मचारी’. ते शब्द छापून आल्यापासून खुपतायत, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

पहिलं वर्ष आठवतं? ग्रॅफाइटच्या दोन कांड्या, एकीत निकेल आणि इट्रियम या धातूंची भुकटी ठासलेली, हेलियममध्ये शंभरेक अँपिअरचा आर्क, म्हणजे दोन कांड्यांमधली विजेची ज्योत. चेंबर उघडलं की आत जळमटांसारखी काजळी लोंबायची. मला वाटायचं, झालं काम! जपानी शास्त्रज्ञ इजिमांनी 1991 साली दाखवलेल्या नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, आता आपल्या इंदूरात. पण त्या काजळीत नळ्यांच्या जोडीला साधा कार्बन, ग्रॅफाइटचे कण आणि कार्बनचं कवच पांघरून बसलेलं निकेलही होतं.

मी सगळा माल थेट भट्टीत घातला. साधा कार्बन आधी जळतो, नळ्या मागे उरतात, असं वाचलं होतं. निकेल नळ्यांनाही पेटवायला मदत करतं, हे मात्र लक्षातच घेतलं नाही. सकाळी क्रूसिबलच्या तळाशी चिमूटभर हिरवट-करडी राख. तुम्ही ते उजेडाकडे तिरपं धरलंत आणि म्हणालात, “निकेल तेवढं राहिलं. आधी मंद आचेवर कवच फोड, मग आम्लात धू, मग आच वाढव.” दुसऱ्या खेपेला हायड्रोक्लोरिक आम्ल गाळलं तेव्हा फ्लास्कमध्ये फिकट पोपटी पाणी उतरलं. निकेल इतकं सुंदर दिसतं हे मला त्या दिवशी कळलं.

पण माझा खरा जीव वाचवलात तो नंतर. नायट्रिक आम्लात उकळून झाल्यावर मी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्रात, माल धूत होते. पहिली दोन-तीन पाणी पिवळट-तपकिरी आली, ती टाकली. पुढच्या खेपेला तळाशी काही बसेच ना, सेंट्रिफ्यूजची अख्खी नळी शाईसारखी काळी. प्रयोग बिघडला असं समजून मी ती टाकाऊ आम्लाच्या बाटलीवर तिरपी केली, तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत.

“हे काय करून राहिलीस? माल पाण्यातच आहे!”

खरंच होतं. नायट्रिकमुळे नळ्यांच्या टोकांना आणि जिथे भिंत दुखावली आहे तिथे कार्बोक्सिल नावाचे आम्लधर्मी गट चिकटतात. आम्ल धुऊन गेलं की त्यांच्यावर ऋण भार येतो, नळ्या एकमेकींना ढकलतात आणि तरंगत राहतात. हे मी नंतर पुस्तकात वाचलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “दुधात लिंबू पिळतो तसं कर.” आम्लाचे चार थेंब टाकले आणि थोड्या वेळाने काळे गोळे तळाशी बसू लागले. इतकी वर्षं आमच्यासारख्यांची भांडी घासता घासता तुम्ही हे कधी टिपून ठेवलंत, कोण जाणे.

ते गाळायला अख्खी रात्र लागली, कारण गाळपटल सारखं तुंबायचं. सकाळी येऊन बघते तर पंपावर तुमच्या हातची चिठ्ठी: ‘बंद करू नये. मुलीचं काम आहे.’ पटलावरून सोलून निघालेला तो पातळ, चकाकता, वाकणारा काळा पापड मी रामनला, म्हणजे लेसर टाकून कार्बनची प्रत तपासणाऱ्या यंत्राला, लावला. आलेखात 1590 च्या आसपासचं, धड कार्बनचं शिखर उंच आणि 1350 चं, दुखावलेल्या कार्बनचं, बुटकं. गाईड खूश झाले. शाबासकी मी घेतली आणि तुमचं नाव काढलं नाही. चुकलंच.

रविवारी तुमच्याकडे रामबागेत येते आहे. त्या पापडाचा एक तुकडा पेट्री डिशमध्ये जपून ठेवलाय, तो तुमचा. काकूंना तेवढं सांगून ठेवा, तळायचा नाही म्हणून.

तुमची,
भट्टीवाली मुलगी