नववीतल्या मुलीला नववीतली कादंबरी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘तरुण प्रौढांचे साहित्य’ हा लेख वाचला. मथळा बघून आधी वाटलं, वधूवर सूचक मंडळाची जाहिरात आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या पुस्तकांना इंग्रजीत ‘यंग ॲडल्ट’ म्हणतात. त्याला मराठीत काही म्हणायचंच होतं तर ‘कुमार’ हा चांगला शब्द आपल्याकडे पडून आहे. तो जुनाट वाटत असेल तर ‘किशोर’ घ्या, बालभारती 1971पासून त्या नावाचं मासिक काढते आहे.

पण राग त्याचा नाही. ‘बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेलं ते’ एवढीच व्याख्या करून लेखकमहाशय मोकळे झाले. वयाचा दाखला बघून पुस्तकं वाटली की काय होतं, ते मी आमच्या वाचनालयात पाहिलं आहे.

माझी नात नववीत आहे. तिला मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ हवी होती. देवघेवीच्या खिडकीतल्या बाईंनी तिचं बालविभागाचं कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, “हे मोठ्यांचं आहे, ह्या कार्डावर मिळणार नाही.” मी म्हटलं, “अहो, त्यातली सगळी पोरं नववीतच आहेत.” त्यावर उत्तर, “असतील, पण कपाट मोठ्यांचं आहे.” बदल्यात तिच्या हातात काय ठेवलं, तर बोधकथा. सचित्र, ठळक टायपात. मागच्या कुणा वाचकानं त्यातल्या कोल्ह्याला पेननं मिशा काढल्या होत्या. नात म्हणाली, “आजी, ह्यात मिशाच तेवढ्या बऱ्या आहेत.”

शेवटी ‘शाळा’ माझ्या कार्डावर काढली. तिनं दोन दिवसांत संपवली. मला एकच विचारलं, “आणीबाणी म्हणजे नक्की काय गं?” बाकीचं जे काही होतं ते मला विचारलं नाही, दार लोटून मैत्रिणीला फोनवर तासभर सांगितलं. माझ्या मते कुमार साहित्याची व्याख्या त्या लोटलेल्या दारामागे आहे.

ह्या साहित्याचा जन्म हॅरी पॉटरपासून, असंही लेखात आहे. हॅरी पॉटर आला 1997मध्ये. त्याच्या तीस वर्षं आधी, 1967मध्ये, अमेरिकेत एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ आली होती. लिहीत होत्या तेव्हा बाई शाळेत होत्या, छापून आली तेव्हा अठरा वर्षांच्या. मुलांच्या टोळ्यांच्या मारामाऱ्या एका मुलीनं लिहिल्यात म्हटल्यावर समीक्षक नाकं मुरडतील, म्हणून नावाची नुसती आद्याक्षरं छापली. त्यातला पोनीबॉय चौदा वर्षांचा. आईवडील अपघातात गेलेले, थोरला भाऊ घर चालवतो. पोनीबॉय म्हातारा होऊन आठवणी सांगत बसलेला नाही. घडलं ते अजून अंगावर ओलं आहे आणि तो तेव्हाच सांगतो आहे. वाचणाऱ्याच्या वयापेक्षा सांगणारा कुठं उभा आहे ते बघा. लंपन मला प्राणाहून प्रिय, पण प्रकाश नारायण संतांच्या त्या कथांमधली हुरहूर मागं वळून बघणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांची आहे. नातीनं तीस पानांवर खूण घालून ठेवलंय, ती खूण काही हलत नाही.

आणि ती ‘प्रकार ओळखा’ची चौकट! फँटसी, रहस्य, प्रणय, डिस्टोपिया. शेवटचा शब्द तीनदा छापलात, अर्थ एकदाही नाही. जुलमी राजवटीतल्या, बिघडलेल्या कल्पित जगाची गोष्ट, एवढं तरी लिहायचं. ‘द हंगर गेम्स’मधली मुलगी सोळा वर्षांची आहे आणि मुलांनी एकमेकांना मारायच्या सरकारी खेळासाठी चिठ्ठीत नाव निघालेल्या धाकट्या बहिणीच्या जागी स्वतः मरायला उभी राहते. मुलांना धरून ठेवतं ते हे. राज्यव्यवस्थेची भानगड नंतर. ‘रहस्य’च्या खाली फास्टर फेणे घातलात. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश सायकल हाणतो, ‘ट्टॉक्’ करतो, चोर पकडतो. पण इतक्या पुस्तकांत मिसरूड फुटतंय की नाही म्हणून तो कधी चोरून आरशात बघतो का? तो बालविभागाचा राजा आहे, त्याला तिथंच सुखानं राहू द्या.

खिडकीतल्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांना दोनच कपाटं दिलीत, मधलं दिलेलंच नाही. निदान तुमच्या पुरवणीनं तरी ते दाखवायचं होतं. त्याऐवजी अर्धं पान चित्रानं खाल्लंय.

जाता जाता, शब्दकोड्याचं उत्तर ‘पुढील रविवारी’ असं छापून तीन रविवार झाले. आडवा चौदा माझा अजून अडलेला आहे.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, सांगली