हर्णैच्या मावशींना

मावशी,

हे पत्र थोरल्या लेकीकडून वाचून घ्या. समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही चहा टाकायला उठता आणि विषय तिथेच राहतो, म्हणून लिहिलं. चारचौघांनी वाचावं म्हणून उघडंच ठेवलंय.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा विशेष शिक्षणाचा कोर्स संपून भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी नुकतीच हातात पडली होती. दापोलीहून सकाळच्या एसटीने यायचं, दोन घरी जाऊन मुलांना शिकवायचं, परत फिरायचं. घरचे म्हणत, मुंबईला जा, तिथे सेंटरं आहेत, पगार आहे. त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडची माणसं मुलाला घेऊन थेरपीसाठी मुंबई गाठतात आणि दोन-चार खेपांत दमून नाद सोडतात.

तुमचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. ऑटिझम, बोलणं नाही. संध्याकाळी स्वतःचं मनगट चावायचा, रक्त येईपर्यंत. मूल असं का वागतं, याची चार कारणं आम्ही आधी तपासतो: कोणाचं लक्ष हवंय, एखादी वस्तू हवीय, नकोशा गोष्टीतून सुटका हवीय, की त्या कृतीतूनच शरीराला काही मिळतंय. त्यासाठी वागण्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, ते लिहून काढायचं. एप्रिलमध्ये मी ते लिहिलं, पण सकाळी येऊन, तुम्हाला विचारून. संध्याकाळी एकदाही थांबले नाही. त्याने चावलं की त्याची ताई हाक मारते आणि तुम्ही मासळीचा लिलाव सोडून धावत येता, हे ऐकलं आणि ठरवून टाकलं, लक्ष हवंय. धावू नका, त्याच्याकडे बघूही नका, असं सांगितलं.

मे महिन्यात चावणं वाढलं. दुर्लक्ष केलं की वागणं कमी होण्याआधी उसळतं, हे मी शिकले होते, त्यावरच विसंबून राहिले. स्वतःला इजा करणाऱ्या मुलाच्या बाबतीत असं विसंबून राहायचं नसतं. जखमेवर हळद दाबून तुम्ही कापड बांधत होतात, मला मात्र एका शब्दाने बोलला नाहीत.

जूनमध्ये चावणं थांबलं. मी आनंदाने सगळ्यांना फोन केले. नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या आणि आठवड्याच्या आत पुन्हा सुरू.

तेव्हा तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्या मांडीवर ठेवलंत. दुधाच्या हिशेबाशेजारी कोळशाचे ठिपके होते. त्याने चावलं त्या दिवशी ठिपका. एप्रिल-मे काळे, मधे वाऱ्यामुळे होड्या गेल्या नाहीत ते दिवस तेवढे मोकळे. जून-जुलै पूर्ण कोरे.

“बाय, मासेमारीच्या बंदीत बर्फाचं मशीन बंद असतं,” एवढंच म्हणालात. “आज राहा. कानाने ऐक.”

राहिले. होड्या लागायच्या वेळेला घरामागे बर्फ फोडायला सुरुवात झाली आणि माझ्याच दातांत कळ गेली. त्याने दोन्ही कान दाबले, मग मनगट तोंडात. त्याला त्या आवाजातून सुटायचं होतं.

मग आपण विहिरीच्या फोटोचं कार्ड केलं. मशीन सुरू व्हायच्या आधी त्याला विहिरीकडे न्यायचं आणि त्याने कार्ड आपल्या हातात दिलं की लगेच निघायचं. किती आठवडे तुम्ही आणि ताईने ते न कंटाळता केलंत! ज्या दिवशी त्याने आपणहून कार्ड आणलं, त्या दिवशी तुम्ही सुरमई कापत होतात. त्याने ते तुमच्या ओल्या तळहातावर ठेवलं, तशाच हाताने तुम्ही त्याला घेऊन गेलात. त्या कार्डाच्या कोपऱ्यावर रक्ताचा डाग अजून आहे.

मुंबईचा अर्ज मी त्यानंतर पाठवलाच नाही.

पुढची घरंही तुम्हीच मिळवून दिलीत. पुळणीवर लिलावाला बसून बायकांना सांगितलंत की 2016च्या कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, त्यात ऑटिझम आहे, प्रमाणपत्र काढा, मुलाला लपवू नका. दर गुरुवारी तुमची ओटी मोकळी करून दिलीत. आज आंजर्ले, केळशीपर्यंत माझी मुलं आहेत आणि कुठल्याही घरी पहिल्या आठवड्यात एक रात्र मी राहतेच.

ते कालनिर्णय मात्र परत देत नाही, मावशी. नव्या मुली शिकायला येतात, त्यांच्यापुढे आधी तेच ठेवते. दुधाचा हिशेब वेगळ्या कागदावर उतरवून सोबत पाठवलाय.

तुमची,
गुरुवारची बाय