रविवारी मुलांची वॉर्ड-सभा, विसरू नका

मंडळी, परत आठवण करतेय, या रविवारी सकाळी १० ला मंडळाच्या हॉलमधे मुलांची वॉर्ड-सभा आहे, १४ ते २० वयाच्या सगळ्यांना पाठवा. इंदूरचे ८५ वॉर्ड, पण आपला पार्षद (नगरसेवक) कोण हे मागच्या वेळी बऱ्याच मुलांना सांगता आलं नाही, आणि तीच मुलं गल्लीतला बंद दिवा कोणाला सांगायचा यावर तासभर भांडली, शेवटी नववीतल्या एका मुलीने वहीचं पान फाडून अर्जच लिहिला. हेच हवंय आपल्याला. मोठ्यांनी मागे बसा, मधे बोलू नका प्लीज, मत त्यांचं त्यांना देऊ द्या. १७ पूर्ण झालेल्यांनी आधार आणि फोटो आणा, मतदार यादीचा फॉर्म ६ आधीच भरता येतो, १८ व्हायची वाट बघायला नको. पोहे आहेत, किती येताय ते शनिवारपर्यंत कळवा.