दाभोळहून, इन्चार्ज झालेल्या लेकीस

प्रिय बेटी,

अस्सलामु अलैकुम.

तू वॉर्डची इन्चार्ज सिस्टर झालीस, हे तुझ्या अम्मीने सगळ्या मोहल्ल्यात सांगून झालं. धक्क्यावर मासळी घ्यायला गेली तिथेही सांगून आली. माझ्या डोक्यात मात्र दोन दिवस तुझा परवाचा फोन घोळतोय. तू म्हणालीस, "अब्बा, ट्रेनिंगमध्ये सेवक-नेतृत्व शिकवलं, मी तसंच वागतेय. नाईट कुणाला नको असली की मी करते. नव्या मुलीला शीर सापडली नाही की सलाईन मीच लावते." आवाज दमलेला होता, पण त्यात एक समाधानही होतं. ते मी लगेच ओळखलं, कारण मुख्याध्यापक असताना तेच समाधान मी कित्येक वर्षं उराशी धरलं होतं.

सेवक-नेतृत्वावरची तू पाठवलेली पानं दोनदा वाचली. ती कल्पना मांडणारा ग्रीनलीफ हा माणूस मला आवडला. अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत जवळजवळ चाळीस वर्षं नोकरी करून तो निवृत्त झाला आणि १९७० साली त्याने हे मांडलं: माणसाला आधी सेवा करावीशी वाटावी, नेतृत्व त्यातून यावं. त्याने दिलेली कसोटी तर मी वहीत उतरवून ठेवली. ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का, अधिक शहाणी आणि मोकळी झाली का, स्वतःच्या पायावर उभी राहिली का? आणि समाजात जो सगळ्यात खाली आहे, त्याचं काय झालं?

त्याला ही कल्पना सुचली ती हर्मन हेसेच्या एका कथेतल्या लिओवरून. लिओ प्रवाशांच्या जथ्थ्याचा नोकर. सगळ्यांची कामं करतो, गाणी म्हणून त्यांना उमेद देतो. एक दिवस तो नाहीसा होतो आणि जथ्था विस्कटतो. पुढे कळतं, की ज्या पंथाने ही यात्रा काढली त्याचा प्रमुख लिओच होता. कथा सुंदर आहे, पण मी तिथेच अडलो. तो गेल्यावर जथ्था मोडला, ही त्याची थोरवी कशी? हजरत पैगंबर, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, इ.स. ६३२ मध्ये गेले तेव्हा भलेभले कोसळले होते. हजरत अबू बकर उभे राहिले आणि म्हणाले, जो मुहम्मदांची उपासना करत होता त्याने जाणावं की ते गेले, आणि जो अल्लाहची करतो त्याने जाणावं की अल्लाह जिवंत आहे. खलिफा झाल्यावर त्यांनी लोकांना सांगितलं, मी तुमच्यातला सर्वांत चांगला नाही, चुकलो तर मला सरळ करा. जथ्था मोडला नाही.

माझी शाळा मात्र मोडली होती. हे तुला कधी सांगितलं नाही. दाखले, पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं मीच करायचो. सहकाऱ्यांना त्रास नको म्हणून. ते म्हणायचे, सर देवमाणूस आहेत. मग मला कावीळ झाली आणि मी दीड महिना अंथरुणावर पडलो. अर्ज माझ्या कपाटात होते आणि कपाटाची चावी माझ्या सदऱ्याच्या खिशात. मुदत निघून गेली. चार मुलांची शिष्यवृत्ती बुडाली, त्यातल्या एकाचा बाप बोटीवर खलाशी. तो माझ्या उशाशी येऊन बसला, केळी घेऊन आला होता. तक्रारीचा शब्द काढला नाही, तब्येत विचारून गेला. ती केळी मला खाववली नाहीत.

तू लहानपणी मदरशात पाठ केलेली हदीस, पैगंबरांचं ते वचन, आठवतं? तुमच्यापैकी प्रत्येक जण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाबद्दल विचारलं जाईल. आपण एवढंच म्हणतो आणि थांबतो. तिचा पुढचा भाग वाच. त्यात इमाम म्हणजे लोकांचा नेता आहे, घरचा पुरुष आहे, घरची बाई आहे आणि नोकरही आहे: मालकाच्या मालमत्तेचा तो राखणदार, त्यालाही जाब द्यायचा आहे. ग्रीनलीफ म्हणतो, नेत्याने सेवक व्हावं. आपल्याकडे सेवकालाही जबाबदार राखणदार मानलंय. मग त्या नव्या मुलीच्या हातातली सुई तू घेतेस, तेव्हा तिचा कळप तू हाकून नेतेस. तिला विचारतील तेव्हा ती काय सांगेल?

तू दुसरे खलिफा हजरत उमर यांचा दाखला देशील, मला माहीत आहे. उपाशी मुलांसाठी पिठाचं पोतं त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतलं, आणि बरोबरच्या असलमला म्हणाले, कयामतच्या दिवशी माझं ओझं तू वाहशील का? पण बेटी, ते ओझं त्यांचं स्वतःचं होतं, खलिफा म्हणून त्यांच्या नजरेतून सुटलेलं. सुभेदारांची कामं ते करत बसले नाहीत. त्यांच्याकडून चोख हिशेब घेतला, कुणाची गय केली नाही. हिशेब मागणं हीसुद्धा खिदमतच आहे. तुझ्या त्या पानांत हा भाग मला फिका वाटला. तिथे नेता माणसांपुढे उत्तर देतो. आपल्याला माणसांपुढे तर द्यायचंच आहे, पण जिथे कुणी पाहत नाही तिथलंही द्यायचं आहे. तुझी नाईट कुणी पाहो न पाहो, रात्री तीनला पेशंटची नाडी तू खरंच बघितलीस का, हे विचारलं जाणार आहे.

शेजारचं घर गेल्या पाच वर्षांपासून बंद आहे, कुवेतवाल्यांचं. चावी आपल्याकडे, खिळ्याला. पावसाळ्यात तुझी अम्मी दर शुक्रवारी जाऊन खिडक्या उघडते, गाद्या उन्हाची तिरीप येईल तिथे सरकवते, वाळवी लागली का म्हणून दाराच्या चौकटीवर बोटाने ठोकून बघते. पण त्यांच्या खुर्चीत ती बसत नाही. ते येतील, चावी परत द्यायची आहे. अमानत म्हणजे हेच. तुझा वॉर्डही उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल.

म्हणून ड्युटी लावताना नाईट सगळ्यांना वाटून दे, स्वतःलाही तुझ्या वाट्याची घे, त्याहून जास्त नको. ज्या सिस्टरचं बाळ तान्हं आहे तिला सवलत दे, पण का दिली ते सगळ्यांसमोर सांग. मुलींना म्हण, माझं चुकलं तर तोंडावर सांगा. आपला इमाम नमाजीत चुकला तर मागून कुणीही सुबहानल्लाह म्हणतं आणि तो ताबडतोब सावरतो, त्यात त्याचा काही कमीपणा होत नाही.

कोकमाचं आगळ आणि सुके बोंबील पाठवतोय, शुक्रवारच्या एसटीने येणाऱ्या ओळखीच्यांकडे. आणि पुढच्या फोनला मला सांग, त्या मुलीला शीर सापडली का. तू शेजारी उभी राहा, हात मागे बांधून.

तुझे अब्बा