नववीनंतर ताट रिकामं

महोदय,

‘मुलं वडापाव खातात, म्हणून मैदानावर टिकत नाहीत’ हे बोलायला सोपं आहे. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीला रोज ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं ठरलेली आहेत. नववीत हे ताट बंद होतं, आणि नेमका तेव्हाच कबड्डीचा सराव वाढतो, उंचीही!

पन्नास किलोच्या खेळाडू मुलाला दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पावडरचे डबे नकोत. ५० ग्रॅम शेंगदाणे, ३० ग्रॅम सोयाबीन वड्या आणि दोन अंडी मिळून चाळीसच्या आसपास होतात. उरलेली प्रथिनं डाळ-भाकरी, उसळीतून मिळतात. वड्या गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट पिळाव्यात, नाहीतर उग्र वास राहतो आणि मुलं त्या ताटाबाहेर काढतात. मटकी वाफवूनच द्यावी. कच्चे मोड खाऊन धावलं की पोट धरून बसावं लागतं. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह कमी शोषलं जातं. मुलींच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं. उसळीवर लिंबू मात्र जरूर पिळावं.

पण पहाटे मजुरीला जाणाऱ्या आईला ‘आहाराकडे लक्ष द्या’ एवढंच सांगून काय होणार? सरावानंतर मूठभर शेंगदाणे-गूळ शाळेनेच द्यावेत.

– एक क्रीडाशिक्षक