गणपतीला येत नाहीये

ट्यूबिंगन

ती. बाबा आणि सौ. आईस सा. न.,

फोनवर बाबांचं ते कोरडं 'बरं' ऐकायची हिंमत नव्हती, म्हणून पत्र. यंदा गणपतीला मी येत नाहीये. जर्मन शिकणाऱ्या पुण्याच्या मुलांची दुसरी तुकडी नेमकी तेव्हाच येतेय आणि त्यांना श्वाबेन, म्हणजे जर्मनीच्या नैऋत्येचा हा आमचा भाग, दाखवायला मी हो म्हणून बसलेय. विमानाची तिकिटंही महागच होती. (हे कारण नाही, पण होती.) दुसरं कुणी असतं तर एक किल्ला दाखवून मोकळं झालं असतं.

पुस्तकातलं 'गुटन टाग' म्हणत मुलं बेकरीत शिरतात आणि बाई इथला नमस्कार म्हणते, 'ग्र्यूस गॉट'. झाला गोंधळ! इथे शब्दाला 'ले' लावून तो लहान, लाडका करतात. थोडंसं म्हणजे 'बिसले'. मेमध्ये पहिल्या तुकडीतल्या मुलांना म्हटलं, आई वाढताना 'एवढुस्सं घे गं' म्हणते ना, तसं. मग जरा वेळ फळ्याकडेच तोंड करून उभी राहिले.

जेवणाची काळजी नको. इथे मसुरासारखी उसळ श्पेट्स्लेबरोबर खातात. श्पेट्स्ले म्हणजे वरणफळांची चुलत बहीण. व्हिनेगर घालतात मेले, पण मी वरून तुझा गोडा मसाला घालते. जिना झाडायची पाळी आली की दारावर पाटी लागते, 'केरवोखे'. केर जर्मन, अर्थ आपलाच! सदाशिव पेठेत अशी पाटी असती तर काकूंशी अबोला झाला नसता.

बाबा, नेकार नदीकाठी पिवळा बुरूज आहे. कवी ह्योल्डरलीन १८०७ पासून १८४३ मध्ये जाईपर्यंत तिथे राहिला. मन बिघडलेलं, एका सुताराने घरी ठेवून घेतलं. १८३८ मध्ये सुतार गेला, मग त्याच्या मुलीने, लोट्टेने, सगळं केलं. तुकडीतल्या एका मुलीने विचारलं, "त्याला घरचं कुणी नव्हतं?" आई होती की बरीच वर्षं, नुर्टिंगनला, फार लांब नाही. मी म्हटलं, चला, होडीत बसा.

आता ऐका. आई, मोदकपात्रासाठी माळ्यावर चढायचं नाही, गुडघा विसरू नकोस. मोदक अकराच कर, बाकीचे विकत आण, देव रागावत नाही. बाबा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. मूर्ती आणायला रिक्षा करा, चालत जाऊन कुणाला काही सिद्ध करायचं नाहीये. आरतीला व्हिडिओ कॉल लावा आणि फोन कपाळावर नको, समोर धरा.

डिसेंबरचं तिकीट काढलंय. रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणजे बाबा, मी येणारच. आणि आई, माझ्या वाटचा मोदक दादाला देऊ नकोस, त्याला साखर आहे.

तुमची
चिमी