तुकडा काढण्याआधी स्नायूची सोनोग्राफी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी दिसतेच. १९९४च्या कायद्याने ती आली आणि आपल्याकडे तिची गरज होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सोनोग्राफी म्हणजे पोट आणि गरोदरपण, एवढंच आपल्या डोक्यात बसलं. तेच मशीन मांडीवर धरून स्नायूही बघता येतो, हे मला आईच्या आजारपणात कळलं, तेही उशिरा.

मागच्या वर्षी आईला जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात रेटून उठावं लागायला लागलं. मग वेणी घालायला हात वर जाईनात. रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) खूप वाढलेलं निघालं. स्नायूंना सूज असावी, मांसाचा तुकडा काढून तपासावा लागेल, म्हणजे बायोप्सी करावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. जवळच्या शहरातल्या एका रुग्णालयात उजव्या मांडीवर चीर देऊन तुकडा काढला, चार टाके घातले. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला : बहुतेक चरबीच, निदान करता येत नाही. “मग कापलं कशाला?” आईने विचारलं. मी गप्प बसले. पुढची तपासणी होईपर्यंत दोन महिने गेले आणि तेवढ्यात तिचं जिना चढणं बंद झालं.

शेवटी देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी दोन्ही मांड्यांना जेल लावून सोनोग्राफी केली आणि स्क्रीन आईकडे वळवला. “आजी, हा काळा दिसतो ना, तो बरा स्नायू. हा पांढरट झालाय, तो गेलेला.” निरोगी स्नायू काळसर दिसतो, त्यात बारीक पांढऱ्या रेघा. आजाराने त्याची जागा चरबीने आणि तंतूंनी घेतली की तो धुक्यासारखा पांढरा होतो. फारच बिघडला तर खालच्या हाडाची रेघसुद्धा दिसेनाशी होते. पहिला तुकडा नेमका अशा पांढऱ्या भागातून घेतला गेला होता. ही सूज सगळीकडे सारखी नसते, ठिगळं लावल्यासारखी असते. पार गेलेल्या स्नायूत बघण्यासारखं काही उरत नाही आणि अगदी धडधाकट स्नायूत आजार सापडत नाही. तुकडा यांच्या मधल्या स्नायूतून घ्यायला हवा आणि तो बाहेरून हात लावून ओळखता येत नाही.

मग डाव्या मांडीत भूल देऊन सुई घातली. डॉपलर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफीतली सोय) लावल्यावर रक्तवाहिन्या लाल-निळ्या दिसत होत्या. सुई चमकत्या रेघेसारखी त्यांना चुकवत सरकताना मी स्वतः पाहिली. टाका एकही पडला नाही. त्या तुकड्यावरून निदान झालं आणि स्टिरॉइड सुरू झाले.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून नंतर शोधून वाचलं. सुईने स्नायूचा तुकडा काढायची युक्ती फ्रान्सच्या ड्युशेन यांनी १८६०च्या दशकातच काढली होती. स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम यांनी १९६२मध्ये आपल्या सुईने ती पुन्हा रुळवली. लंडनमध्ये डुबोविट्झ आणि हेकमॅट यांनी १९८०च्या दशकात मुलांच्या स्नायूंची सोनोग्राफी करून आजार किती आहे याच्या पायऱ्या ठरवल्या. म्हणजे यात नवलाईचं काही नाही. सोनोग्राफीने सगळंच कळतं असंही नाही. सुरुवातीच्या आजारात स्नायू चांगला दिसू शकतो आणि निदान शेवटी सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. शिवाय ड्युशेन डिस्ट्रॉफीसारख्या, मुलांचे स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारात आता आधी जनुकांची तपासणी करतात, बऱ्याच मुलांना बायोप्सी लागतच नाही. पण जिथे लागते तिथे जागा बघून तरी घ्या.

संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना यासाठी नवं यंत्र घ्यावं लागणार नाही. बायोप्सीच्या दिवशी तुकडा काढणारे डॉक्टर आणि सोनोग्राफीचे डॉक्टर एका खोलीत आले तरी पुरे. गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे मशीन वॉर्डात नेता येत नसेल तर पेशंटला मशीनपाशी न्यावं. मांडीची सोनोग्राफी करायला कायद्याची आडकाठी नाही. तुकडा पुढे पाठवण्याचीही नीट सोय हवी. तो सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये, बर्फावर, लवकरात लवकर प्रयोगशाळेत जाऊन गोठवला गेला पाहिजे. सगळाच फॉर्मॅलिनच्या (तुकडा टिकवायच्या रसायनाच्या) बाटलीत टाकला तर एन्झाइमच्या तपासण्या होत नाहीत. परभणी-हिंगोलीहून हे कसं जमवायचं, याचा आरोग्य विभागाने विचार करावा.

घरात कुणाची ही तपासणी ठरली असेल तर डॉक्टरांना विचारा : कोणत्या स्नायूतून घेणार, आणि तो सोनोग्राफीवर बघितला का? मी पहिल्या वेळी विचारलं नाही. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं.

आपली,
एक शिक्षिका, सेलू (जि. परभणी)